बोडीएवढा पडदा

नकाशा मूळचा दोन हात लांब,
कापडावर डकवलेला, घड्यांवर झिजलेला.
कचेरीतल्या कपाटात तो आता कोणी उलगडत नाही.
आम्हाला मिळाली त्याची पीडीएफ.
एकच पान, पण नव्वद एमबीचं,
माझ्या फोनवर उघडेस्तोवर
चुलीवरचा चहा उतू जातो.
आणि उघडलं की आमची बोडी
लाखोळीच्या दाण्याएवढी.

मच्छीमार संस्थेत ठराव झाला, चौदा हजारांपर्यंत.
"चिटणीस बाई, तुम्ही शिकल्या आहा, तुम्हीच पाहा."

मी पाहिलं.
साकोलीला शिवणकरच्या दुकानात काचेखाली
आठ इंची, दहा इंची,
आणि एक जुना, तेरा इंची, कोपऱ्याला तडा गेलेला,
पाठीवर कोण्या पोराचं वाघाचं स्टिकर, अर्धं सोललेलं.
पुस्तकं वाचायचं ते करडं यंत्रही होतं एक.
वर्षापासून कोणी विचारलं नाही, म्हणाला,
आणि थेट रस्त्यावर नेऊन दाखवलं,
"पाहा जी, उन्हात कसं कागदावानी दिसते."
दिसत होतं खरंच, अक्षर न् अक्षर.
पण हद्दीची लाल रेघ आणि पाटाची निळी रेघ
दोन्ही त्यात राखेच्या.
आमचं सारं भांडण तर
त्या दोन रेघांमधल्या जागेचं.

घरी येऊन वहीच्या पुठ्ठ्याच्या खिडक्या कापल्या,
आठची, दहाची, तेराची.
अंगणात खडूनं बोडी काढली, नकाशाच्या मापात,
आणि गुडघ्यांवर सरकत
एकेक खिडकी फिरवली तिच्यावरून.
आठात तुडूम आला तर पाळ गेली.
दहात पाळ आली, पण गट नंबर मुंग्यांसारखे.
सारं पाहावं तर वाचता येत नाही,
वाचावं तर आपण कुठं उभे आहो, तेच हरवते.

फुलवंता दिघोरे डोक्यावर टोपली घेऊन
फाटकाशी कधीची उभी होती.
"पोरींचा खेळ खेळता का जी?"
मी सांगितलं.
ती म्हणाली, "मोठंच घ्या. तडा माझ्या टाचेलेही आहे,
मी चालत नाही का?"

अकरा हजार आठशेला सौदा तुटला.
पिशवी तिनंच शिवली, जुन्या जाळ्याची, आतून लुगड्याचं अस्तर.

शुक्रवारी मोजणीदार आला, ऐन बारा वाजता.
पाळीवर ऊन असं, की तेरा इंचांत
फक्त माझं तोंड दिसलं, घामेजलेलं,
आणि मागं आभाळ.
शिवणकरचं करडं यंत्र आठवलं मला तेव्हा, चांगलंच आठवलं.
मोजणीदार घड्याळ पाहू लागला.
मग फुलवंतानं पदर पसरला, दुसरीनं तिचा,
आणि आम्ही पाचजणी, सहावा तो,
त्या कोंदट सावलीत डोकी घालून बसलो.
मासळीचा वास, बिडीचा वास,
आणि मधोमध बोडी उजळली,
निळी निळी, लाल रेघ ठसठशीत.
दोन बोटांनी मी तुडूम जवळ आणला.
तिथून पुढं हद्द खाली, दक्षिणेला जात होती,
आणि पान संपलं.

बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. पांढरं.
कचेरीत स्कॅन करतानाच
खालची चार बोटं काठ कापला गेला होता.
तो आठातही नसता, दहातही नसता,
भिंतीएवढ्या पडद्यातही नसता.

कोणी बोललं नाही.
फुलवंतानं पदर सोडला नाही,
फक्त डावा हात खाली नेला,
आणि जिथं काच संपत होती
तिथून, रेघ न तोडता,
ओल्या मातीत बोटानं पुढं काढत गेली.
इथं मोहाचं झाड होतं, वीज पडली त्यावर.
इथं दगड, गाळात गेला.
इथं आमची डोंगी बांधत.

मोजणीदार कडेकडेनं वाकला,
टॅबलेट मांडीवरून बाजूला ठेवायला सांगितला मला,
आणि म्हणाला, "हळू काढा बाई.
लिहून घेतो."