पडद्यामागची भिंत

स्वस्तातली खोली घेतली, आतल्या बाजूची.
पडदा होता, ओढायला दोरीही होती.
ओढला, तर मागे भिंत.
प्रभंजन म्हणाला, समुद्र काय, वर जाऊन बघू,
इथे फक्त झोपायचं.

प्रभंजन माझा नवरा.
सासूबाईंनी बारशाला नाव ठेवलं तेव्हा त्यांना काय ठाऊक,
वारा सुटला की पहिला आडवा होणार तो हाच.

हिराबाय वैतीने बजावलं होतं भाऊच्या धक्क्यावर,
बांगडे मोजता मोजता,
"आमी होऱ्या वर ओढताव, न् तुमी चाललाव?"
मे संपत आला होता. म्हणूनच तर तिकीट निम्म्यात.
हे मी तिला सांगितलं नाही.

पहिल्या रात्री बर्फाचा हंस होता जेवणघरात,
चोचीत चेरी.
दुसऱ्या रात्री आधी कपाटातले हँगर बोलू लागले,
मग पाण्याचा पेला आपणहून टेबलाच्या कडेपर्यंत गेला,
थांबला, विचार केला, आणि पडला.
बोळातल्या कठड्यात दर दहा पावलांवर
कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या,
मांडवात अक्षतांच्या पुड्या ठेवाव्यात तशा.
कोण कधी खोचून गेलं, दिसलं नाही.

लिफ्ट बंद. गार हवा बंद.
संडासाचं बटण दाबलं, तर नुसता उसासा आला.
छतातून कप्तान म्हणाला, किंचित हेलकावे आहेत.
मग म्हणाला, गोवा रद्द.
मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही,
आणि तेव्हाच काय ती भीती वाटली.

घाटकोपरचे छेडाशेठ एका हाताने पैसे परत मागत होते,
दुसऱ्या हातात पिशवी.
मीही भांडले. इंग्रजीत.
चाळीस वर्षं पोस्टात काउंटरच्या आत बसले,
बाहेरून कसं भांडायचं ते पाठ होतं.
समोरचा पोरगा गुडघ्यांवर बसून गालिचा पुसत होता.
वर न बघता म्हणाला,
"ताई, लिंबू चोखा. आणि आडव्या पडू नका, बसा."
छातीवरच्या पट्टीवर नाव, शौकत. गाव विचारलं.
दाभोळ.
खिशातून लिंबू काढून त्याने माझ्या हातावर ठेवलं,
कोमट होतं, त्याच्याच अंगाच्या उबेचं.
पुढे मला इंग्रजी आठवेना.

मुंबईसमोर येऊन एकोणीस तास उभे राहिलो.
लाटा इतक्या, की पायलटला शिडी धरता येईना.
डेकवर दोनशे माणसं, तोंडं शहराकडे.
प्रभंजनला माझगावच्या टेकडीवर
आमच्या गच्चीतला दिवा दिसला म्हणे.
गच्चीत दिवा नाही, हे मी बोलले नाही.
बरंच काही बोलले नाही मी त्या फेरीत.

फोनला रेघा आल्या आणि सगळे एकदम बोलू लागले.
मस्त चाललंय. हो, हो, जेवण उत्तम.
जरासं हलतंय, एवढंच.
छेडाशेठसुद्धा, पिशवी मागे लपवून,
जणू फोनमधून दिसणार होती.
मुलीने विचारलं, आई, कुठपर्यंत पोचलात?
म्हटलं, घरासमोर.
ती हसली. तिला विनोद वाटला.

उतरताना शौकत दारात उभा, पांढऱ्या हातमोज्यांत.
थँक यू मॅडम, प्लीज कम अगेन.
ओळख दाखवली नाही. त्याचं बरोबर होतं,
शेजारी त्याचा साहेब उभा होता.

धक्क्यावर पुढच्या फेरीचे लोक रांगेत.
गवताच्या टोप्या, नव्या बॅगा,
एक नवी नवरी, चुडा कोपरापर्यंत.
तिने विचारलं, कशी झाली ट्रिप?
पायांखाली बॅलार्ड पिअर अजून डोलत होता.
छान, म्हणाले.
चार पावलं गेले, परत आले,
पर्समधलं उरलेलं अर्धं लिंबू
कागदी रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिलं.
ती बघतच राहिली.

प्रभंजन टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत होता,
एका हाताने टॅक्सीचं दार घट्ट धरून.