बादलीभर मीठपाणी

म्हसरूळच्या लिंक रोडवर, सप्तपर्णी सोसायटीत
टँकर साडेसहालाच येऊन गेलेला.
आम्ही पोचलो तेव्हा पेव्हर ब्लॉकवर
त्याच्या गळक्या नळाची रेघ वाळत होती.

चेअरमन फडोळ म्हणाले, मॅडम, मशीन मागून येतंय का?
मी डिकीतून पेटी काढली,
जेवणाच्या डब्याहून जराशी मोठी.
बॅटरी. तारेची रिळं. चार गज. एक घण.
एवढ्याशा पेटीत वर्गणीचे पैसे
त्यांना कुठे दिसेनात.

दौलतनं दोन ब्लॉक उचकटले, गज ठोकला,
सहाव्या मजल्यावरची कबुतरं उडाली.
थोडं पाणी द्या, तो म्हणाला,
मुळाशी ओतायला. मीठ टाकून.

पाणी शोधायला पाणी?
चांदवडकर वहिनींनी खिडकीतून विचारलं.
रास्तच विचारलं.
तरी बादली घेऊन खाली आल्या,
तांदूळ धुतलेलं पाणी, वर मूठभर खडेमीठ.

बाहेरच्या दोन गजांतून वीज आत सोडायची,
आतल्या दोघांनी कान द्यायचा.
दीड मीटर. तीन. पाच. दहा.
जितकं खोल बघायचं
तितकं एकमेकांपासून लांब जायचं.
शंभराला दौलत नाल्यापलीकडे, ठिपक्याएवढा.
त्याचा हात वर गेला की मी बटण दाबते.

मुरूम बोलला, मग मांजऱ्या,
मग काळा पाषाण आला आणि आकडा चढतच राहिला,
वीज त्याच्या अंगावरून निसटून जात होती.
पुढे हळूहळू उतरू लागला.
फडोळ खांद्यावरून वाकले. उतरला! लागलं ना?
थांबा, म्हटलं.
दोन लाव्हांच्या मध्ये भाजलेली तांबडी माती असते,
तीही असाच कमी आकडा दाखवते.
ओली असते. देत काही नाही.
चिकणमाती फार गोड बोलते.

दुसरी ओळ सी विंगच्या कडेनं घेतली
आणि तिथं वरच्या वरच आकडे बिघडले.
पाइप? अर्थिंगची वायर?
दौलतनं गज हलवला, पुन्हा ठोकला,
घण मऊ जागी पडल्यासारखा वाजला.

गेटवरून पुंजाजी आले, शिट्टी गळ्यात.
तिथं हीर होती, म्हणाले. सात परस.
इथं समदी थॉमसनची बाग. मीच भरायचो पाणी.
बुजवली कधी?
बिल्डिंगचं काम चालू झालं तवा.
फुटक्या विटा, सिमिटाच्या गोण्या, मोटरपण आतच ऱ्हायली.
आन पाणी?
व्हतं की. वरून विटा टाकल्या तर
बुडुक बुडुक वाजायचं दोन दिवस.

कुणी काही बोललं नाही.
ज्यांच्या आजोबांनी ती खणली होती
त्या फडोळांनी मोबाईल काढला,
कुणाला तरी फोन लावला,
आणि बोलत बोलत पार गेटापर्यंत गेले.

रात्री आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले.
जागा: डी विंगमागे, जिन्यापासून नऊ मीटर.
खोली: एकशेऐंशी ते दोनशेदहा फूट.
भेग असण्याची शक्यता.
'पाणी आहे' असं मी कधीच लिहीत नाही,
बावीस वर्षांत एकदा लिहिलं होतं, चांदशीला,
त्या बोअरमधून तीन दिवस नुसती भुकटी उडाली.

दुसऱ्या ओळीपुढे शेऱ्याचा रकाना.
वाचन अविश्वसनीय, भराव, असं लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं: विहीर.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

सकाळी अहवाल द्यायला गेले तेव्हा
गजांच्या भोकांभोवती मिठाची पांढरी कडी उमटली होती
आणि सोसायटीचं लंगडं कुत्रं
एकेक कडं चाटत
सी विंगकडे चाललं होतं.