शेवटच्या गाडीचे बटाटे

सत्यशीलाची ड्यूटी हिंगोली–परभणी, शेवटची फेरी.
डेपोच्या कागदावर नऊ चाळीस.
कागदाचं सोडा.
मी घड्याळं दुरुस्त करतो
स्टेशन रोडला, पानटपरीएवढ्या खोक्यात,
मला ठाऊक आहे वेळ म्हणजे काय
नि कागद म्हणजे काय.

आठला कुकर लावला.
लहान लहान बटाटे, सालीसकट, शनिवार बाजारातले,
कितीही धुतले तरी
शिट्टीतून मातीचा वास आलाच.
श्रुतिकानं मोबाइलवर कुठंतरी पाहिलेलं:
उकडायचा, वाटीच्या बुडानं दाबायचा,
फुटू द्यायचा, सुटू द्यायचा नाही.
"पप्पा, हळू! भाकरी थापायलात का?"
तिथं ओव्हन होता.
आपल्याकडं बिडाचा तवा, वर झाकायला परात.
तिथं कसलंसं पांढरं पीठ भुरभुरवलं होतं.
मी ज्वारीचं घेतलं.
ज्वारीला कडकपणा शिकवावा लागत नाही.

चीज नसीमआपाच्या फ्रीजमध्ये.
आमचा फ्रीज उन्हाळ्यापासून नुसतं कपाट आहे,
त्यात कांदे असतात आणि लग्नपत्रिका.
आपानं डबा देताना विचारलं,
"भाई, ये साबण है की क्या?"
एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले,
"साबणच है. पर नमकीन."
किसणीही दिली, न मागता.

आता खरी गोष्ट.
कुरकुरीतपणाचं आयुष्य सात मिनिटं.
मी मोजलंय, तीन वेळा, सेकंदकाट्यावर.
पहिल्या मिनिटाला कडा बोलतात,
चौथ्याला पुटपुटतात,
सातव्यानंतर चीजचं रबर, बटाट्याचा बटाटा.
पुन्हा तापवला तर
जुनं भांडण तापवल्यासारखं होतं,
तोंड भाजतं फक्त.
म्हणजे सगळं गाडीवर आलं.

साडेनऊ. करडीचं तेल.
एक बाजू तांबूस होऊ दिली, गॅस बंद.
नऊ पन्नास. फोन.
"झिरो फाट्याला आहे. टायर बसलंय. जेवून घ्या."
श्रुतिका तव्याकडं बघते, मी तिच्याकडं.
वरण-भात जेवलो.
बटाट्यांना हात लावला नाही.
(तिनं एक खाल्ला. मी मोजून ठेवले होते.)

अकरा वीस.
गल्लीच्या तोंडाशी बूट,
डावा जरा घासतो,
शंभर पावलांत ओळखू येतो मला.
गॅस पेटवला, बटाटे उलटले,
किसलेलं चीज, ठेचलेला लसूण, कारळाच्या चटणीची चिमूट,
परात उपडी.
ती बूट काढते: एक मिनिट.
मशीन, पिशवी, चिल्लर मोजून खणात: तीन.
मोरीत पायांवर पाणी: चार.
परात उचलली.
कडेनं ओघळलेल्या चीजची तव्यावर जाळी झाली होती,
कडक, जागोजाग जळकी.

तिनं खाकीतच, उभ्याउभ्या, एक उचलला.
कुर्र.
"आली का मम्मी?" श्रुतिका झोपेतून.
ती बोलली नाही. दुसरा उचलला.
कुर्र.
मग म्हणाली, "मीठ कमी आहे."
तिसऱ्यानंतर म्हणाली,
"फाट्यावर एक बाई खालीच उतरेना.
म्हणे तिकीट काढलंय, चालवा नाहीतर बसू द्या.
जॅक लावला तरी ती आतच.
टायर बदलला आम्ही तिच्यासकट."
आणि हसली,
तोंडात बटाटा असताना हसू नये तशी.

तिला ती तव्याची जाळी हवी होती.
उलथन्यानं निघेना.
मी दुकानाच्या पिशवीतून चिमटा काढला,
ज्यानं केसाएवढी स्प्रिंग उचलतो तो,
आणि एकेक तुकडा सोडवत
तिच्या तळहातावर ठेवत गेलो.
तळहात नाण्यांनी काळा.
पाय धुतले होते, हात राहिले होते बहुतेक.

भिंतीवर गिऱ्हाइकांची चार घड्याळं,
चौघांची चार मतं.
कुठलं बरोबर ते
दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.