मज्जा

खडा शोधायला गेलो होतो.
रावपुऱ्यातल्या सोनोग्राफीवाल्या बाईंनी
पोटावर गार जेल पसरली,
"श्वास रोको… छोडी दो,"
आणि बोलता बोलता गप्प झाल्या.
उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर
काहीतरी पांढरं, गोल,
चुकीच्या पंगतीत बसलेल्या माणसासारखं
मान खाली घालून.

खडा नव्हताच.

मग सीटी. मग चोवीस तासांची लघवी
पाच लिटरच्या कॅनमध्ये,
फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी.
कुमुदने कॅनला जुना पेपर गुंडाळला,
वर रबर लावलं,
आणि आठवडाभर श्रीखंडाला हात लावला नाही.

"कसलंही हॉर्मोन बनवत नाही," डॉक्टर पारीख म्हणाले,
"साधी गाठ आहे, अधिवृक्क ग्रंथीतली.
फार विरळा.
पण साडेआठ सेंटिमीटर म्हणजे… आत रक्तस्राव झाला तर?
काढून टाकू."

विरळा!
मला उभ्या जन्मात लॉटरीचा रुपया लागला नाही.

टाके सुकल्यावर तन्मयीने,
मेव्हण्याची धाकटी, पॅथॉलॉजी शिकते,
मला तिच्या खोलीत नेलं. "चष्मा काढा, काका. बघा."
मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी चरबी,
आणि घराघरांच्या मधल्या बोळांत
जांभळ्या ठिपक्यांची दाटी.
"ही मज्जा. हाडात असते ती."
"मग इथे कशी?"
"नीट कुणालाच ठाऊक नाही."
"आणि करत काय होती?"
"रक्त बनवत होती. दुसरं काय येतं तिला?"

मी पुन्हा डोळा लावला.
हाड नाही, हाडाची भिंत नाही,
कुणी नेमलेलं नाही,
आणि रोज सकाळी आपलं दुकान उघडायचं.

पणजोबा वाईहून आले होते इथे,
खासगी खात्यात दप्तर लिहायला.
चार पिढ्यांत आमच्या आमटीत
गूळ तेवढा वाढत गेला.
मोडी मात्र पणजोबांच्या वहीतच राहिली, मला वाचता येत नाही.
त्यांना कुणी विचारलं होतं का, इथे कसे?

गाठ आता मेणाच्या ठोकळ्यात आहे,
नंबर लावून, कपाटात.
बरीच वर्षं ठेवतात म्हणे.

बाहेर रिक्षावाला ओळखीचा निघाला.
"केम छो, काका?"
"मजामां," म्हटलं,
आणि असं हसू आलं
की टाक्यांवर हात दाबून
सूरसागरपर्यंत वाकूनच बसलो.