एकेचाळीस वाटे

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर लिहितो:
नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण.
खडू दमट. अक्षरं उमटतात, न उमटतात.
तिसऱ्या बाकावरचा निळकंठ कुबल
आजही उशिरा, आजही पँटीला वाळू.
कुठे होतास?
सर, रापण होती.

रविवारी मीच गेलो तळाशीलला.
उजाडायचं होतं. भिकाजी तांडेल
वाळूवर उकिडवा, विडी ओठात, न पेटवलेली.
तासभर नुसता पाण्याकडे बघत होता.
हे काम कुठल्या रकान्यात टाकावं
मला काही ठरवता येईना.
मग एकदम उठला, म्हणाला, "सोडा."

होडी जाळं सांडत वळसा घालून आली.
दोराची दोन टोकं किनाऱ्यावर,
सोळा माणसं इकडे, एकोणीस तिकडे,
मधे फर्लांगभर समुद्र.
एकच हुकूम, एकच दिशा,
माझी वर्षानुवर्षं घोटलेली वाक्यं
त्यांच्या टाचांखाली रुतत होती.

एकोणीसांचा दोर भराभर येऊ लागला
तसा तांडेल खेकसला तो त्यांच्यावरच:
"रे इनास, तुका घाय कसली?
तकडच्यांका येवंदे!"
आणि जोरकस बाजू
दोर कमरेला टेकवून
उभी राहिली.

एवढं करून मिळालं काय?
दोन टोपल्या पेडवे, चार बांगडे,
बाकी शेवाळ आणि जेलीफिश.
कुणी कुणाला बोललं नाही.

वाटे घातले. मी मोजले, एकेचाळीस.
होडीवरचे चौघे आणि तांडेल धरून
माणसं चाळीस.
मी सांगणार होतो, तुमची चूक होतेय म्हणून.
तेवढ्यात निळकंठ पुढे आला
आणि ढिगांकडे पाठ करून उभा राहिला.
तांडेलाने एका ढिगावर बोट ठेवलं:
"ह्यो कोणाचो?"
समुद्राकडे बघत निळकंठ म्हणाला,
"पुतू खवणेकराचो."

पुतू खवणेकर लकवा मारल्यापासून
दारातल्या खुर्चीत असतो. तीन वर्षं.

परवा परीक्षा झाली.
प्रश्न चौथा: समन्यायाचं तत्त्व स्पष्ट करा. गुण पाच.
निळकंठने एकच ओळ लिहिली आहे:
पाठ फिरवून नाव घेणे.
नमुना उत्तर दीड पानाचं आहे.
पानाच्या कडेला एक खवला चिकटलाय,
नखाने निघत नाही.

रात्रीचे साडेअकरा.
लाल पेन हातात,
टोपण अजून काढलेलं नाही.