हवा बरी हाय

हरिपूरच्या वीटभट्टीपलीकडं
कॅप्टन डफळ्यांचं चार एकर पडीक रान,
त्यात चार भोकं. पाचवं करायचं राहूनच गेलं.
प्रत्येक भोकात तोंडापर्यंत पुरलेला डालड्याचा डबा,
काठीला काकूंच्या जुन्या परकराचं पिवळं फडकं.
मी चेंडू गोळा करायचो. संध्याकाळचे दोन रुपये,
हरवला तर चार आणे वजा.

कॅप्टन नऊ वर्षं मारत होते.
वहीत सगळं टिपलेलं: वारा कुठला, काठी कितवी,
उजवा खांदा किती पडला.
तिसऱ्या भोकाजवळ एकदा चेंडू वीतभर अलीकडं थांबला,
त्या तारखेखाली त्यांनी दोन रेघा ओढल्यात.
मी पाहिल्यात.

दौलू कोळेकर तारेचं कुंपण ताणायला आलेला.
मूळचा पेवांवरचा हमाल.
हळदीच्या पेवात आधी कंदील सोडायचा,
ज्योत टिकली तर माणूस उतरवायचा,
विझली तर तोंड उघडं ठेवून
दुपारपर्यंत बिडी ओढत बसायचं,
एवढं शास्त्र त्याला येत होतं.
तळव्यांच्या रेघा कायमच्या पिवळ्या.

"मार की एक," कॅप्टन म्हणाले. चेष्टाच होती ती.
दौलूनं पटका सैल केला,
कुदळ धरावी तशी काठी धरली.
पाय कुठं, डोकं कुठं, कॅप्टन सांगतच होते
तोवर ह्यानं हाणला.

वाईट मारला होता. आजही शपथेवर सांगेन.
जमिनीलगत, उजवीकडं, थेट शेजारच्या उसावर.
बांधाचा दगड मध्ये आला.
दगडावरून उडाला, बाभळीच्या खोडावर ठक्कन वाजला,
गाडीवाटेच्या चाकोरीत उतरला
आणि चाकोरीचाकोरीनं, बाजाराला निघाल्यासारखा,
चालत गेला.
पुढं दिसेना.

उसात शोधला. घाणेरीत शोधला.
चार आणे गेलेच म्हणून मी रडकुंडीला.
डब्यात बघायचं असतं
हे नऊ वर्षांत कुणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं.
अंधार पडताना फडकं काढायला गेलो, तेव्हा दिसला.

कॅप्टन आले. वाकले. टोपी काढली.
दौलू मात्र गुडघ्यांवर बसला,
डब्यावर तोंड नेऊन सवयीनं हुंगलं
आणि म्हणाला, "हवा बरी हाय आत."

मग कॅप्टननी नियम सांगितला, आवाज जरा चिरका:
ज्याचा एका दणक्यात जातो, त्यानं सगळ्यांना पाजायचं.
"आयला, म्हंजे जिंकलं त्यानंच भरायचं?"
संगमाच्या वाटेवरच्या टपरीवर नऊ चहा,
रस्त्यानं जाणारेही धरून आणलेले.
कुंपणाची मजुरी तिथंच संपली, वर तीन रुपये उधार.
वहीत त्या दिवशी वारा लिहिलेला नाही.
फक्त नाव, तेही चुकीचं: दवलू.

पुन्हा मार म्हणून कॅप्टन वर्षभर मागं लागले.
"नगं. एकदा कंदील विझला न्हाई म्हून..."
एवढंच बोलून तो तार ताणायचा.

मी काय पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही.
पहाटे दूध घालायला निघालेलो,
रिकाम्या पेवाच्या तोंडाशी दौलू एकटा,
हातात खराट्याचा दांडा, पुढ्यात हळदीचा गड्डा.
कॅप्टनसारखाच उजवा खांदा पाडून मारत होता.
गड्डा कधी डावीकडं, कधी उकिरड्यात,
एकदा तर नुसता दांडाच फिरला हवेत.
पुन्हा पाय मोजून उभा राहिला.
घंटी न वाजवता मी सायकल वळवली.

पेवं पुरात बसली. कॅप्टन गेले, रानाचे प्लॉट पडले.
काठी काकूंनी उपटून नेली, वाळवणावरचे कावळे हाकायला.
डबा काढायचं कुणालाच सुचलं नाही.