चोपन्न वर्षांचा पुरुष, छातीत दुखते

शेवटचा पेशंट गेला की मी दारावरची पाटी उलटी करते
आणि डॉक्टर ओस्टबी विद्यार्थी होतात.
वय एकसष्ट.
दर दहा वर्षांनी बोर्डाला पटवून द्यायचं
की आपल्याला अजून डॉक्टरकी येते.

बाहेर उणे अठ्ठावीस.
पार्किंगमध्ये आमच्या दोन गाड्या
हीटरच्या वायरीला बांधलेल्या, गोठ्यातल्या गुरांसारख्या.
फार्गो दीडशे मैल. परीक्षा तिथे. अजून नऊ दिवस.

मी कार्डं वाचते. ते खुर्चीत रेलून छताकडे बघतात,
जिथे गळतीचा डाग पडलाय,
थेट यकृताच्या आकाराचा.

"चोपन्न वर्षांचा पुरुष, छातीत दुखते, घाम."
"कोण, डेल?"
"नाव नाही दिलेलं."
"करतो काय?"
"तेही नाही."
"मग याला ओळखायचं कशावरून," म्हणतात,
आणि तरी उत्तर बरोबर देतात.

माझ्या तिन्ही पोरांचे पाढे मी असेच घेतलेत,
एका हाताने बटाटे सोलत.
फरक एवढाच, की बारा साते चौऱ्याऐंशी
तेव्हाही होते, आजही आहेत.

"बत्तीस वर्षांची स्त्री, आठवा महिना,
रक्तदाब एकशे सत्तर. पुढचं पाऊल?"
अ, ब, क, ड.
"महामार्ग उघडा आहे का?"
मी कार्ड उलटून बघते. मागे महामार्ग नाही.
मागे नुसता 'क'.
"क," मी म्हणते.
"क करायला आधी फार्गोला पोचावं लागतं, डेलोरिस."
"परीक्षेत बर्फ पडत नाही, डॉक्टर."
ते हसतात. मग खोकतात. मग पुढचं कार्ड.

पुढचं कार्ड साधंच होतं.
सत्तर वर्षांची स्त्री, कुठला आजार नाही,
हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करावी का?
ते गप्प.
यकृताच्या डागाकडेही बघेनात.
"दोन परीक्षांपूर्वी," म्हणाले, "मी 'हो' लिहिलं होतं.
मार्क मिळाला होता."

मला सांगायची गरज नव्हती.
आर्डिस स्लेटनची फाईल मीच लावते.
ती गोळी, दोन हजार सहाच्या वसंतात.
मग तीन वर्षांनी पोटात रक्तस्राव, मध्यरात्र,
हेलिकॉप्टर वाऱ्यामुळे येईना,
आणि हेच डॉक्टर, स्वेटरखाली पायजमा,
पहाटेपर्यंत तिच्या उशाशी, रक्ताच्या चार पिशव्या.
वाचली.
गावात अजून सांगते, ओस्टबी नसते तर मी नसते.
दर नाताळात लेफ्से पाठवते,
बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, फडक्यात गुंडाळून.
ते एक खातात. बाकीच्या मला देतात.
इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना आवडत नाहीत.

"आता उत्तर 'नाही' आहे," मी म्हणाले. आवाज नर्सचा ठेवला.
"माहितीये," म्हणाले.
"मग बोला ना."
"नाही," म्हणाले,
आणि मला कळेना
की हे उत्तर होतं की नकार.

कार्डं तशीच टेबलावर राहिली.
त्यांनी बूट चढवले, टोपी कानावर ओढली,
वायर सोडून तिचं वेटोळं केलं, नीट, दोरासारखं.
गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली नाही.

मी गठ्ठा आवरायला घेतला तेव्हा दिसलं,
त्या कार्डाच्या मागे, छापलेल्या उत्तराखाली,
पेन्सिलीने बारीक अक्षरात आर्डिसचं नाव.
शाई नव्हे, पेन्सिल. आणि अक्षर आजचं नव्हतं,
कडा धुवट झालेल्या.
म्हणजे हे कार्ड त्यांनी आधीच काढून पाहिलं होतं,
एकट्याने, केव्हातरी.

मग मी बाकीचीही उलटून बघायला लागले.
चोपन्न वर्षांचा पुरुष: कोरा.
बत्तीस वर्षांची स्त्री: कोरी.
एका खोकल्याच्या मागे दोन नावं.
त्यातलं एक माझ्या वडिलांचं.

गठ्ठ्याला रबर लावलं. दिवा मालवला.
उद्या सहाला परत वाचायचाय.